अक्षय भाता

दिवाळीच्या दिवसांत एक गंमत नेहमी पाहावयास मिळते. ज्या मुलाला घरून लवंगी फटाक्यांची एकच माळ मिळालेली असते, तो ती माळ सबंध कधीच लावीत नाही. ओट्यावर बसून तो तिची वीण उसवतो, एकेक लवंगी सुटी करतो, मोजून खिशात ठेवतो आणि मग उदबत्तीवर चार दिवस पुरवून पुरवून उडवतो. शेजारच्या माडीतला मुलगा हजाराची माळ रस्त्यावर पसरतो, तिच्या टोकाला काडी लावतो आणि कानांत बोटे घालून उभा राहतो. ती संपली की दुसरी मागायला तो आत पळतो. हे पाहून आपण वडील माणसे एकमेकांना म्हणतो, "बघा, ज्याच्याजवळ थोडे असते त्यालाच त्याची किंमत कळते." हे वाक्य इतके गोड आहे आणि इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की ते खरे आहे किंवा नाही हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

मला ती तसदी घ्यावी लागली, ती माझ्या एका छंदापायी. शाळामास्तराने फार तर कादंबऱ्या लिहाव्यात, आणि त्या मी लिहितोच; पण बंदुकीने नेम मारण्याचा नाद त्याला असावा, हे यवतमाळसारख्या जिल्ह्यात अजूनही लोकांना चमत्कारिक वाटते. शिकारीचा मात्र गैरसमज नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, आणि ते संपले याचे मला दुःख नाही. माझा नेम कागदावर. दहा मीटरवर हवेच्या बंदुकीने, आणि महिन्यातून एखाद्या वेळी मोठ्या शहरी जाऊन पन्नास मीटरवर पॉइंट बावीसच्या रायफलीने. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. नीतिशास्त्राचे ग्रंथ माझ्या वाचनात नाहीत. तेव्हा थोडक्याचे मोल हा प्रश्न मला ग्रंथांत भेटला नाही. तो काडतुसांच्या रिकाम्या डबीत भेटला.

या छंदात गोळ्यांची टंचाई ही कधीमधी येणारी आपत्ती नव्हे. ती कायमची सोबतीण आहे. आपल्याकडे बंदूक आणि तिचा दाणागोटा या दोहोंवर सरकारची नजर जुनीच आहे. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय बंदूक ठेवणे बंद केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, पण परवाना राहिलाच, आणि त्या परवान्यावर काडतुसांची संख्याही लिहिलेली राहिली. एका वेळी इतकी, वर्षाला इतकी. दुकानदार विक्रीची नोंद करतो आणि मगच डबी हातात देतो. २०२० साली केंद्र सरकारने खेळाडूंसाठी ही मर्यादा बरीच वाढवली, परंतु मर्यादा वाढली म्हणून माल येतो असे नाही. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे, भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४ पासूनचा. पण त्यांचे पहिले गिऱ्हाईक सैन्य. स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट बावीसची गोळी बहुतेक इंग्लंड-जर्मनीहून येते. जहाज लांबले, कागद अडला, रुपया घसरला, की पन्नास गोळ्यांची ती चिमुकली डबी दिसेनाशी होते आणि दुकानदार म्हणतो, "पुढच्या महिन्यात या."

जिथे परवान्याची अशी कटकट नाही, तिथे तरी सुबत्ता असेल असे वाटते. अमेरिकेत बंदूक आणि गोळ्या किराणा मालासारख्या मिळतात. परंतु डिसेंबर २०१२ मध्ये तेथील एका प्राथमिक शाळेत एका माथेफिरूने लहान मुलांचा संहार केला, आता सरकार कायदा कडक करील अशी हूल उठली, आणि लोकांनी दुकानेच्या दुकाने रिकामी केली. पॉइंट बावीसची साधी गोळी, जी पोरेटोरे डबे फोडायला वापरीत, ती पुढे कित्येक महिने मिळेना. २०२० च्या महामारीत पुन्हा तेच झाले. कारखाने चालू होते. पण ज्याच्या तळघरात हजार गोळ्या होत्या त्याला आणखी हजार हव्या होत्या. म्हणजे टंचाई ही नेहमी वस्तू कमी असल्यानेच होते असे नाही. भीतीनेही ती होते. आणि आपल्याजवळ थोडेच आहे ही भावना वस्तूच्या मोजमापावर अवलंबून नसते, ही पहिली गोष्ट मी येथे शिकलो.

गोळ्या नसतात तेव्हा हौशी नेमबाज काय करतो? तो कोरडा सराव करतो. बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासून, घरातल्या भिंतीवर एक काळा ठिपका चिकटवून, तो रोज अर्धा तास उभा राहतो. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, माशी ठिपक्याखाली स्थिर करायची आणि चाप इतक्या हळू ओढायचा की तो केव्हा सुटला हे आपल्यालाही कळू नये. टक् असा आवाज होतो. बस्स, एवढेच. घरातली मंडळी हसतात. पण या 'टक्'मध्ये एक गुण आहे. खरी गोळी सुटते तेव्हा आवाज होतो, धक्का बसतो, आणि त्या गडबडीत आपला हात कुठे हलला हे झाकून जाते. रिकाम्या बंदुकीत झाकायला काही नसते. चाप सुटताना माशी केसभर डावीकडे गेली तर ती गेलेली स्वच्छ दिसते. नेमबाजीतले बहुतेक सगळे काम गोळी सुटण्यापूर्वी होऊन गेलेले असते. गोळी फक्त निकाल सांगते. हे ज्ञान मला भरल्या डबीने दिले नसते, हे कबूल केले पाहिजे.

मोजून वापरण्याचे दुसरेही एक वळण आहे. राष्ट्रीय छात्र सेना आपल्याकडे १९४८ साली सुरू झाली. तिच्या शिबिरात ज्यांनी नेमबाजी केली आहे त्यांना आठवत असेल, की गोळ्या जशा मोजून मिळतात तशा रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत द्याव्या लागतात. नेम संपला की पोरे गवतात ओणवी होऊन पितळेची ती नखाएवढी नळकांडी शोधीत असतात; एक कमी पडली तरी कोणी जेवायला जात नाही. जिम कॉर्बेटने आपल्या लहानपणाची हकिकत लिहिली आहे. नैनितालच्या छात्र-तुकडीच्या सार्जंट-मेजरने त्या पोराला बंदूक आणि हव्या तेवढ्या गोळ्या देऊ केल्या, पण बंदूक स्वच्छ राहिली पाहिजे आणि रिकाम्या पुंगळ्या परत आल्या पाहिजेत या अटीवर. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. त्याने गोळ्या कमी केल्या नाहीत. हिशेब मात्र सोडला नाही. गोळी उडाली की संपली, असे नाही. तिचे काहीतरी मागे उरते आणि ते उचलून आणावे लागते, हे त्याने त्या मुलाला शिकवले.

येथवर सारे ओट्यावरच्या त्या गोड वाक्याच्या बाजूनेच जाते. परंतु मी शिक्षक आहे, आणि शिक्षकाला वाक्ये मुलांवर पारखून पाहावी लागतात.

आमच्या शाळेत हवेच्या बंदुकीचा एक छोटा वर्ग आहे. ठरावीक शक्तीखालच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून ते शक्य होते. बंदुका दोन, छऱ्यांचा एक डबा, आणि दर मुलाला दिवसाला दहा छर्रे. काही वर्षांपूर्वी या वर्गात दोन मुलगे होते. एक कापसाच्या व्यापाऱ्याचा. त्याचे वडील त्याला छऱ्यांचे डबेच्या डबे आणून देत. दुसरा एका कोतवालाचा. त्याच्याजवळ शाळेचे दहा, आणि अकरावा नाही. व्यापाऱ्याचा मुलगा छर्रा भरी, मारी, पुन्हा भरी. आधीचा कुठे लागला हे पाहण्यापूर्वी पुढचा सुटलेला असे. कोतवालाचा मुलगा दर छऱ्यानंतर कागदाकडे बराच वेळ पाहात बसे. आता गोष्टीत काय होणार हे वाचकांनी ओळखलेच असेल. परंतु तसे झाले नाही.

स्पर्धेच्या दिवशी व्यापाऱ्याच्या मुलाचे छर्रे कागदभर विखुरले, हे ठरल्याप्रमाणे झाले. पण कोतवालाचा मुलगा पहिल्याच छऱ्याला नेम धरून जो उभा राहिला तो उभाच राहिला. दहा सेकंद झाले, पंधरा झाले. नेमबाजीत फार वेळ नेम धरून चालत नाही. श्वास रोखलेला असतो, डोळ्यांत चित्र गोठते, हात थरथरू लागतो. अशा वेळी बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची, हा या खेळाचा पहिला धडा. पण ते त्याच्याने होईना. छर्रा वाया जाईल या भीतीने त्याला चापही ओढवत नव्हता आणि बंदूकही खाली ठेववत नव्हती. अखेर हात थरथरत असतानाच छर्रा सुटला आणि ठिपक्याच्या बाहेर गेला. पुढचे नऊही असेच गेले. घरी जाताना तो मला म्हणाला, "गुरुजी, एक चुकला तर तो परत नाही भेटत ना, म्हणून सुटतच नव्हता."

त्या दिवसापासून त्या गोड वाक्यावरचा माझा विश्वास उडाला. टंचाई दोन गोष्टी शिकवते, आणि त्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात. एक काटकसर आणि दुसरी कृपणता. एक तोलून वापरणे आणि दुसरे भिऊन न वापरणे. माळ उसवून एकेक लवंगी उडवणारा मुलगा शहाणा झाला की नुसता भित्रा झाला, हे त्या चार दिवसांत आपल्याला सांगता येणार नाही. त्याला हजाराची माळ द्या, आणि मग पाहा.

टंचाईचे गोडवे गाण्यात आणखीही एक अन्याय आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिलेच पदक. त्याचे वडील शिक्षक. एका गोळीला १२० रुपये पडत, म्हणून एकेक गोळी जपून वापरावी लागे आणि साहित्यासाठी कर्ज काढावे लागले, ही हकिकत त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली. आपल्याला भरून आले. पण मला त्या वेळी दुसराच विचार आला. मराठी माणसाला व्यक्तिगत खेळातले त्याआधीचे ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकीला मिळाले, खाशाबा जाधवांना. आणि तेव्हाही त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. मध्ये बहात्तर वर्षे गेली. कर्ज काढणारा शिक्षक तोच राहिला. ज्या पोराला १२० रुपयांची गोळी परवडली नाही म्हणून ज्याचे नावच आपल्याला कळले नाही, अशी किती मुले या बहात्तर वर्षांत होऊन गेली असतील? टंचाईने घडलेला एक आपण मोजतो. तिने मोडलेले मोजीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी टंचाईला गुरू म्हणू नये. पाण्याची, पैशाची, पतीची टंचाई इथल्या कोरडवाहू कास्तकाराला काय शिकवते हे आम्ही फार जवळून पाहिले आहे. कित्येक घरांत तिने शिकायला माणूसच शिल्लक ठेवलेला नाही.

मग सुबत्ता बरी काय? तिचेही खाते उघडून पाहू. मध्य भारतातल्या सरगुजा संस्थानच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. त्यांच्या बंदुकीला काडतूस कधी कमी पडले नसेल. आज साऱ्या महाराष्ट्रात मिळून वाघ किती? २०२२ च्या गणनेत ते ४४४ भरले. एका माणसाच्या अक्षय काडतुसांनी आजच्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक वाघ संपवले. त्यांतल्या कोणत्या वाघाच्या वेळी त्यांनी बंदूक क्षणभर खाली घेतली असेल काय, हे कळायला मार्ग नाही.

अक्षय हा शब्द वापरला आणि महाभारताची आठवण झाली. अर्जुनाला गांडीव धनुष्याबरोबर दोन अक्षय भाते मिळाले. कितीही बाण काढा, ते रिते होत नसत. त्या भात्यांचा पहिला उपयोग कशासाठी झाला? खांडववन जाळण्यासाठी. वन पेटले, पशुपक्षी बाहेर पळू लागले, आणि पळणाऱ्यांवर बाण पडत राहिले. मोजकेच जीव वाचले. बाण मोजून वापरायचे असते तर अर्जुनाने एखाद्या हरिणाला जाऊ दिले असते काय? मला ठाऊक नाही. पण बाण संपतील ही अडचण तरी त्याला आडवी आली असती.

आणि त्याच अर्जुनाचा शेवट मौसलपर्वात आहे. यादव संपले, द्वारका बुडाली, आणि त्यांच्या स्त्रियांना घेऊन तो निघाला. वाटेत काठ्या घेतलेले लुटारू आडवे आले. त्याने मोठ्या कष्टाने गांडीवाची दोरी चढवली, बाण सोडले, आणि ते अक्षय भाते रिकामे झाले. ज्याने जन्मात कधी बाण मोजला नाही, तो जगातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर धनुष्याच्या टोकाने लुटारूंना बडवीत राहिला, आणि स्त्रिया त्याच्या डोळ्यांदेखत नेल्या गेल्या. महाभारत वाचताना हा प्रसंग आपण लगबगीने उलटतो, कारण तो पाहवत नाही. मला मात्र वाटते की व्यासांनी तो मुद्दाम लिहिला आहे. अक्षय असे काही नसते. आणि जो ते अक्षय आहे असे धरून जगतो, त्याला रिकाम्या भात्याने जगण्याची कला कधीच येत नाही.

कर्णाची गोष्ट याच्या अगदी उलट. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राने त्याला जी शक्ती दिली ती एकदाच वापरता येणारी होती. त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवली, वर्षानुवर्षे जपली. आणि युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचाने हाहाकार उडवला तेव्हा सगळ्यांच्या आक्रोशापुढे त्याला ती सोडावी लागली. जपून ठेवणे म्हणजे योग्य जागी वापरणे नव्हे. माझ्या कोतवालाच्या मुलाची आणि कर्णाची अडचण एकच. ज्याच्याजवळ एकच आहे त्याला ते केव्हा सोडायचे हे स्वतःला ठरवता येत नाही. ते परिस्थिती ठरवते.

तर टंचाई माणसाला घडवीत नाही आणि सुबत्ताही घडवीत नाही. मग घडवते काय? याचे उत्तर मला एका म्हाताऱ्या कास्तकाराकडून मिळाले. आमच्याकडे कपाशीत आणि तुरीत रानडुकरांचा आणि रोह्यांचा फार त्रास. पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक असणारी काही जुनी घरे अजून आहेत. जनावर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते. ही बंदूक बहुतेक वेळा नुसता बार काढून भिववण्यासाठी. आबाजी रोज रात्री जागलीला माळ्यावर जात. मी त्यांना विचारले, "आबाजी, दारू पुरते का हो तुम्हाला?"

ते म्हणाले, "गुरुजी, पुरते का म्हंता! बार काढला का डुकरं पयतात, हे खरं. पन रोज काढला तं त्यायले समजते का हे नुसतं वाजते. म्हून मी आठ दिवसांतून एखांदा काढतो. बाकी दिवस नुसता खोकलतो."

"आणि दारू हवी तेवढी मिळाली तर?"

"तरी खोकलनंच बरं. बार काढला का बंदूक रिकामी झाली. मंग ते ठासेपर्यंत आपुन काय कराव?"

मी यावर पुष्कळ विचार केला. आबाजी बार राखून ठेवत ते दारू थोडी होती म्हणून नव्हे. दारू भरपूर मिळाली तरी ते खोकणारच होते. भरलेली बंदूक जवळ असून ती न झाडणे, आणि वेळ आली तर झाडणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ताब्यात होत्या. मी संयम म्हणतो तो एवढाच. तो टंचाईत शिकता येतो, पण त्याची परीक्षा टंचाईत होत नाही. ती भात्यात बाण असताना होते.

गोळीचे वजन किती असते हे आमच्या जिल्ह्याने एकदा साऱ्या देशाला दाखवले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, दिवाळी तोंडावर आली असताना, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, गोळीने मारली गेली. दोन वर्षांत १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. तिला दोन बछडे होते. बोराटीच्या बाजूला फटाके वाजले, आणि मुंबई-दिल्लीला लोक निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता काय, यावर चौकशा झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांच्या घरचा माणूस कपाशीत गेला आणि परतला नाही, त्यांच्यासमोर उभे राहून त्या गोळीला चूक म्हणण्याचे धैर्य मला नाही. आणि ती सुटण्यापूर्वी करण्यासारखे सर्व काही करून झाले होते, असे म्हणण्याइतका पुरावाही माझ्याजवळ नाही. मी एवढेच पाहतो, की महाराजांच्या काळात शेकडो वाघ पडले तेव्हा कोणी हिशेब मागितला नाही, आणि येथे एका गोळीचा जाब एवढ्या मोठ्या देशाने विचारला. रिकामी पुंगळी परत मागण्याचीच ही रीत आहे, आणि ती चांगली आहे. ज्या समाजात सुटलेल्या गोळीबद्दल कोणी विचारीत नाही, त्यात राहण्यापेक्षा जिथे भांडण होते त्यात राहणे मी पसंत करीन.

वाचक म्हणतील, आमच्या घरी बंदूक नाही, आम्हाला याचे काय? पण एक अक्षय भाता प्रत्येक घरात आहे, आणि तो आपल्या मुखात आहे. शब्दांवर परवाना नाही, वर्षाकाठी इतकेच अशी मर्यादा नाही, त्यांची आयात कधी थांबत नाही. नवऱ्याने बायकोला, सासूने सुनेला, मास्तराने पोराला जे शब्द मारले, त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या कोणी वेचून आणल्या तर घराच्या ओट्यावर केवढा ढीग होईल! आपल्या लोकांनी रामाचे जे वर्णन केले आहे त्यात 'एकबाणी' आणि 'एकवचनी' हे दोन शब्द जोडीने येतात, ते उगीच नव्हे. रामाच्या भात्यात एकच बाण होता असे कोणीही म्हणत नाही. भाता भरलेलाच होता. म्हणूनच त्या शब्दाला अर्थ आहे. ज्याच्याजवळ एकच बाण आहे त्याला एकबाणी म्हणण्यात काय मोठेपणा?

आमच्या शाळेच्या वर्गात आता एक नोंदवही आहे. दिवसाचे छर्रे दहावरून वीस झाले आहेत, कारण गावातल्या काही जणांनी वर्गणी काढली. ज्याला परवडते त्याचे डबेही सर्वांच्या डब्यात पडतात. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने आहेत. किती छर्रे झाडले, किती गुण आले, आणि नेम धरूनही बंदूक किती वेळा खाली घेतली. हा तिसरा रकाना स्पर्धेत कोणी विचारीत नाही. जिल्ह्याच्या गावी त्याला गुण नाहीत. मुले सुरुवातीला त्यात शून्य लिहीत, कारण खाली घेणे म्हणजे हार, असे त्यांना वाटे. आता तिथे चार, सहा, कधी नऊ असे आकडे दिसू लागले आहेत. छर्रे वीस असूनही.